धागा: ४८ रकाने, १९ गावं. गाववार सारांश एकदाच कसा काढायचा?

रानवाट (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. मी राळेगाव तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी माहितीचं काम करून राहिली आहे. खरिपाच्या दोन शीट हातात आल्या आहेत.

पहिली शेतांची. एक ओळ म्हणजे एक शेत, रकाने ४८. गाव, गट नंबर, पीक, एकर, मग बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी, वेचणीची मजुरी असे खर्च, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वेचणीचा कापूस क्विंटलमध्ये. दुसरी पावसाची. रोज सकाळी साडेआठचं माप, एका दिवसाची एक ओळ आणि १९ गावांचे १९ रकाने.

पहिलीतून मला गाववार सारांश पाहिजे, दुसरीतून महिनावार. आर (आकडेमोडीची संगणकभाषा) वापरते, स्वतःच शिकली आहे. आतापर्यंत एकेका रकान्यासाठी वेगळी ओळ लिहीत होती: खताची सरासरी, फवारणीची सरासरी, निंदणाची सरासरी. काल रात्री तिसाव्या ओळीवर लक्षात आलं की निंदणाच्या नावाखाली मी फवारणीचाच रकाना दोनदा मोजला होता. असं काम कोणाच्या हाती द्यायची हिंमत होत नाही. एकाच आज्ञेत सगळे रकाने घेता येतात का?

---

सरकीढेप

येतात ताई. काही इन्स्टॉल करायची गरज नाही, आर सोबतच ॲग्रिगेट नावाचं फंक्शन येतं. (इथं मोबाइलवर वाचता यावं म्हणून आज्ञा देवनागरीत लिहितो, मशीनवर रोमन अक्षरांत टाका.)

ॲग्रिगेट(सीबाइंड(खत, फवारणी, निंदण, वेचणी३) ~ गाव, डेटा = शेत, एफयूएन = मीन)

लाटचिन्हाच्या डावीकडे जे रकाने मोजायचे ते, उजवीकडे ज्याने गट पाडायचे ते. जिनिंगच्या हिशेबात मी कित्येक वर्षांपासून हेच वापरतो.

---

रानवाट

धन्यवाद दादा, चाललं. पण गावं १९ ची १७ झाली. आणि उरलेल्या गावांत खताची सरासरी मी हातानं काढली होती त्यापेक्षा वेगळी येऊन राहिली आहे. खताच्या रकान्यात तर एकही जागा मोकळी नाही.

---

पळसफूल

तुमच्या तिसऱ्या वेचणीच्या रकान्यात मोकळ्या जागा असतील, बरोबर?

ॲग्रिगेट या लाटचिन्हाच्या पद्धतीनं लिहिलं की आर आधी एक गोष्ट गुपचूप करतो: तुम्ही मागितलेल्या रकान्यांपैकी कोणत्याही एकात जागा मोकळी असली तर ती अख्खी ओळ टाकून देतो. म्हणजे ज्या शेताची तिसरी वेचणी भरलेली नाही, त्या शेताचा खताचा आकडाही गेला. आणि ज्या गावात कोणाचीच तिसरी वेचणी भरलेली नाही, ते गावच गेलं. ना लाल अक्षरं, ना सूचना. म्हणूनच हा दोष फार दिवस कोणाला दिसत नाही.

उपाय आहे. त्याच आज्ञेत एनए.ॲक्शन = एनए.पास असं लिहा आणि शेवटी एनए.आरएम = ट्रू जोडा. मग प्रत्येक रकाना आपापल्या मोकळ्या जागा वगळतो, दुसऱ्याच्या ओळीला हात लावत नाही. १९ गावं परत येतील.

पण मी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत असताना जी एक सवय लागली ती सांगते. आज्ञा लिहायच्या आधी विचारा, ही जागा मोकळी का आहे? तिसऱ्या वेचणीच्या बाबतीत दोन कारणं संभवतात. एक, शेतकऱ्यानं दोन वेचण्या झाल्यावर पऱ्हाटी (कपाशीचं पीक) उपटली. गुलाबी बोंडअळीमुळं फरदड (हंगामानंतरही तेच पीक उभं ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नका असं सगळेच सांगतात, तेव्हा हे योग्यच. त्या शेताची तिसरी वेचणी खरोखर शून्य आहे. दोन, माणूस घरी भेटला नाही, विचारायचं राहिलं. ती जागा शून्य नाही, ती माहीत नाही. शीटमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, पण सरासरीत त्यांचा परिणाम अगदी उलट आहे. हे वेगळं करायला कोणतंही फंक्शन नाही. ज्यानं फॉर्म भरला त्यालाच विचारावं लागतं.

---

रानवाट

ताई, फॉर्म भरणारी दोन पोरं गावातलीच आहेत. आज फोन केला. एकानं उपटलेल्या पऱ्हाटीसाठी जागा मोकळी सोडली, दुसऱ्यानं शून्य लिहिलं. मोकळ्या जागा सगळ्या पहिल्याच्या गावांतल्या. आता त्याच्यासोबत बसून एकेक शेत तपासते.

तोवर दुसरा प्रश्न. नव्या पद्धतीनं, आरचं डीप्लायर हे पॅकेज वापरून हे कसं लिहायचं? इंटरनेटवर समराइज_ॲट, समराइज_इफ, समराइज_ऑल असं काय काय दिसते, आणि कुठं अक्रॉस.

---

सरकीढेप

समराइज_ॲट वगैरे जुनं झालं. २०२० मध्ये डीप्लायरची १.० आवृत्ती आली तेव्हापासून त्या सगळ्यांची जागा एकट्या अक्रॉसनं घेतली. जुनं अजून चालते, पण नवीन शिकायचं तर अक्रॉसच शिका:

शेत |> ग्रुप_बाय(गाव) |> समराइज(अक्रॉस(व्हेअर(इज.न्युमरिक), \(क्ष) मीन(क्ष, एनए.आरएम = ट्रू)))

वाचायचं असं: शेत घ्या, गावानं गट पाडा, जे जे रकाने आकड्यांचे आहेत त्या प्रत्येकाची मोकळ्या जागा वगळून सरासरी काढा. \(क्ष) म्हणजे छोटं बिननावाचं फंक्शन, हे लिहायची सोय आर ४.१ पासून आहे. पूर्वी एनए.आरएम हे मीनच्या पुढं स्वल्पविराम देऊन थेट लिहीत, आता डीप्लायर त्यावर इशारा देतो. वरच्यासारखंच लिहा.

---

पळसफूल

सरकीढेप दादांची आज्ञा बरोबर आहे, फक्त व्हेअर(इज.न्युमरिक) इथं नका वापरू. गट नंबर हाही आकडाच आहे. आर बिचारा त्याचीही सरासरी काढून देईल आणि तक्त्यात "गट नंबर १४३.६" असा रकाना उभा राहील. मोबाइल नंबर असला तर त्याचीही. रकाने नावानं सांगा. नावं लांब असतील तर खर्चाच्या सगळ्या रकान्यांच्या आधी "ख_" लावून घ्या आणि अक्रॉस(स्टार्ट्स_विथ("ख_"), …) म्हणा. एकदा अर्धा तास जाईल, पण मग पुढच्या खरिपातही तीच आज्ञा चालेल.

आणि सरासरी एकटी कधीच नेऊ नका. एकाच रकान्यावर दोन-तीन मापं लावता येतात:

अक्रॉस(स्टार्ट्स_विथ("ख_"), लिस्ट(सरासरी = \(क्ष) मीन(क्ष, एनए.आरएम = ट्रू), मोकळे = \(क्ष) सम(इज.एनए(क्ष))))

रकान्यांची नावं आपोआप ख_खत_सरासरी, ख_खत_मोकळे अशी होतात. प्रत्येक सरासरीच्या बाजूला ती किती जागा वगळून काढली ते छापलेलं राहते. २० शेतांपैकी १७ मोकळी असताना काढलेली सरासरी आणि एकही मोकळी नसताना काढलेली सरासरी तक्त्यात सारख्याच रुबाबात बसतात. हा मोकळ्यांचा रकाना नसला तर बैठकीत कोणीच त्यांना ओळखू शकत नाही.

---

नागपुरी_संत्रं

एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये हे सगळं माउसनं होते ना? ओळीत गाव टाका, व्हॅल्यूजमध्ये रकाने ओढा.

---

रानवाट

होते दादा, मी आधी तेच केलं. पण ३० रकाने ओढायचे, प्रत्येकाचं "सम"चं "ॲव्हरेज" करायचं, आणि दोन आठवड्यांनी दुरुस्त शीट आली की पुन्हा ताडून पाहायचं. कोणता रकाना सम राहून गेला ते नंतर शोधणं फार कठीण. आज्ञा लिहिलेली असली की कोणीही वाचून चूक दाखवू शकते. इथं तुम्ही सगळे दाखवूनच राहिले आहात.

पळसफूल ताई, तुमची आज्ञा चालली. एकेका गावात शेताशेताचा खर्च किती कमीजास्त आहे तेही पाहायचं म्हणून मी प्रमाण विचलन लावलं, आणि आधी शेतांची संख्या:

समराइज(शेतं = एन(), अक्रॉस(व्हेअर(इज.न्युमरिक), एसडी))

(घाईत व्हेअरच लिहिलं.) पण शेतांच्या रकान्यात सगळीकडे एनए (आरची मोकळ्या जागेची खूण) आला! संख्या कशी काय मोकळी येईल?

---

सरकीढेप

हे मलाही एकदा झालं होतं, अर्धा दिवस गेला. समराइजच्या आत डावीकडून उजवीकडे काम होते. आधी "शेतं" नावाचा नवा रकाना झाला, तो आकड्यांचा. मग अक्रॉस आला, त्यानं आकड्यांचे सगळे रकाने पकडले, त्यात हा नवाही. एकाच आकड्याचं प्रमाण विचलन निघत नाही, म्हणून एनए. एन() अक्रॉसच्या नंतर लिहा, सुटलं.

याच गोष्टीची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. अक्रॉसनं ख_खत ची सरासरी त्याच नावानं काढली, आणि त्यापुढं तुम्ही सम(इज.एनए(ख_खत)) लिहिलं, तर तो मूळ रकाना मोजत नाही, आत्ताच काढलेली एकटी सरासरी मोजतो. मोकळे शून्य येतील. पळसफूल ताईंसारखं एकाच लिस्टमध्ये दोन्ही टाकलं की ही भानगड होत नाही.

---

वऱ्हाडी_पायथन

पांडाज (पायथन भाषेतलं असंच तक्त्यांचं पॅकेज) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. ग्रुपबाय("गाव") नंतर .ॲग मध्ये प्रत्येक रकान्याला वेगळं माप देता येते, आणि नव्या रकान्यांना हवी ती नावंही. एक लक्षात ठेवा: गावाचंच नाव मोकळं असलेल्या ओळी पांडाज न विचारता वगळतो. ड्रॉपएनए = फॉल्स लिहिलं की त्यांचा वेगळा गट दिसतो. आणि आवृत्ती २ पासून मजकुराचा रकाना चुकून सरासरीत गेला तर तो एरर देतो. लोक कुरकुर करतात, मला हे आवडलं. माहिती गुपचूप गाळणाऱ्यापेक्षा थांबवणारं बरं.

मोठी शीट असली तर आर मध्ये डेटा.टेबल पण पाहा, .एसडी आणि एलॲप्लाय एका ओळीत हेच करतात आणि फार जलद.

---

रानवाट

सगळ्यांचे आभार. शेतांचा तक्ता जवळजवळ झाला. पावसाचाही काढला: महिन्यानं गट, १९ गावांच्या रकान्यांवर अक्रॉस, सम आणि एनए.आरएम = ट्रू. एका गावाची जुलैची रांग तपासायला इथं टाकते, बाकी गावांची आपापसांत जुळून राहिली आहे. ते गाव नाल्याकाठचं, धुऱ्यावरून वर्धा नदी दिसते असं.

जुलै: ० मिमी.

---

धुरा

पोरी, मी शेतकरी माणूस, मले हे आर-बीर काही समजत नाही. नातू वाचून दाखवते म्हणून धागा पाहून राहिलो. पण हे गाव कोणतं ते मी ओळखलं, आमचंच आहे. जुलैत आमच्या गावात नाल्याचं पाणी शाळेलोक आलं होतं. दोन दिवस एसटी बंद. पऱ्हाटी पिवळी पडली, काहीची दुबार पेरणी झाली. आणि तुझ्या कागदात पाऊस शून्य? हे काऊन?

त्या मापकाची बाटली जूनच्या शेवटी फुटली. नवी दिवाळीनंतर आली.

---

पळसफूल

धुरा काका, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं.

रानवाट, इथं पाहा काय झालं. जुलैच्या ३१ च्या ३१ जागा मोकळ्या. तुम्ही आरला सांगितलं मोकळ्या वगळ. सगळ्याच वगळल्यावर हातात काही उरलं नाही, आणि काहीच नसलेल्याची बेरीज गणिताच्या नियमानं शून्य. सरासरी मागितली असती तर एनएएन (म्हणजे "हा आकडाच नाही") आला असता, सर्वात मोठा आकडा मागितला असता तर इशाऱ्यासह उणे अनंत. ते विचित्र दिसतात म्हणून माणूस थांबतो. बेरीज मात्र साधा, खरा वाटणारा शून्य देते.

तो शून्य पुढं कुठंही जाऊ शकतो. कोणी त्या शून्यावरून म्हणेल जुलैत कोरडं गेलं, पावसाचा खंड पडला. आणि तिथं माणसं गुडघाभर पाण्यात होती.

स्वतःचं छोटं फंक्शन करा:

बेरीज = \(क्ष) इफ (ऑल(इज.एनए(क्ष))) एनए एल्स सम(क्ष, एनए.आरएम = ट्रू)

पण एवढ्यानं भागत नाही. समजा ३१ पैकी ९ दिवस मोकळे आहेत. बेरीज येईल, आणि ती खऱ्यापेक्षा कमीच असेल, कारण वगळलेला प्रत्येक दिवस बेरजेत शून्यासारखाच वागतो. म्हणून इथंही मोकळ्यांचा रकाना बाजूला पाहिजेच.

---

वऱ्हाडी_पायथन

पांडाजमध्येही हुबेहूब तेच. सम सगळ्या मोकळ्यांवर ० देतो. मिन_काउंट = १ लिहिलं की मोकळं राहते.

अजून एक. पावसाची बेरीज एकटीच नका नेऊ. आपल्याकडे २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात. पिकाचं नुकसान कोणत्या दिवशी झालं ते महिन्याच्या बेरजेत पुसलं जाते. त्याच अक्रॉसच्या लिस्टमध्ये अतिवृष्टी = \(क्ष) सम(क्ष > ६५, एनए.आरएम = ट्रू) टाका, तेवढे दिवस मोजून येतील. पूर्ण मोकळ्या महिन्यात हाही शून्यच देतो, म्हणून बेरजेसारखीच ऑल(इज.एनए) ची अट यालाही लावा.

---

पळसफूल

हे महत्त्वाचं. आणि यावरूनच माझा मूळ मुद्दा. "सगळ्या रकान्यांवर एकच माप" ही सोय आहे, पण प्रत्येक रकान्याला कोणतं माप शोभते ते माणसानंच ठरवायचं. दोन उदाहरणं देते, दोन्ही कपाशीचीच.

पहिलं, एकरी उतारा. तुमच्या शीटमध्ये एकरी क्विंटल असा तयार रकाना असेल तर त्याची गाववार सरासरी काढायचा मोह होतो. समजा गावात दोनच शेतं. एक २ एकर, १६ क्विंटल, म्हणजे एकरी ८. दुसरं १० एकर, ४० क्विंटल, म्हणजे एकरी ४. दोन उताऱ्यांची सरासरी ६. पण गावात १२ एकरात ५६ क्विंटल झाला, म्हणजे एकरी साडेचारच्या थोडं वर. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. "गावातल्या शेतकऱ्याला सरासरी काय उतारा आला" याला ६. "गावातून जिनिंगला किती कापूस येईल" याला दुसरा, आणि त्यासाठी आधी क्विंटल आणि एकर यांची वेगळी बेरीज, मग भागाकार. कंपनी गाड्या ठरवायला तक्ता मागत असेल तर ६ नं भागणार नाही.

दुसरं, कामगंधा सापळे, म्हणजे वासानं पतंग ओढून पकडणारे. तुमच्याकडे ते रकाने आहेत का माहीत नाही, पण पुढच्या हंगामात येतील. गुलाबी बोंडअळीचे पतंग एका सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा जास्त आले की फवारणीचा विचार करायचा, ही पातळी ठरलेली आहे. पतंगांचे ३० रात्रींचे ३० रकाने घेऊन गाववार सरासरी काढली तर "सलग" हा शब्दच हरवतो. एका सापळ्यात तीन रात्री १२, बाकी सगळीकडे १, सरासरी दोनाच्या आत. तिथं आधी पिव्हट_लाँगर करून रात्रींचे रकाने उभे करायचे, सापळा आणि तारखेनं क्रम लावायचा, प्रत्येक सापळ्यात सलग किती रात्री ८ किंवा जास्त आले ते मोजायचं, आणि मग गावासाठी त्यातला सर्वात मोठा आकडा घ्यायचा. सोबत डोमकळ्यांची (अळीमुळं न उमललेल्या फुलांची) नोंद असली तर ती पण.

---

सरकीढेप

ताईंनी एकरी उताऱ्याचं जे सांगितलं ते प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर पाहिजे. एका व्यापाऱ्यानं असाच सरासरीचा आकडा धरून आमच्याकडे गाड्या मागवल्या होत्या, अर्ध्या रिकाम्या परत गेल्या. भाडं शेतकऱ्यांच्या वाट्यातून कापलं.

---

रानवाट

पीकवार पण गट पाडला, ग्रुप_बाय(गाव, पीक). आता नवीनच अडचण. एका गावात "पऱ्हाटी" दोनदा येऊन राहिली आहे. दोन ओळी, दोन्हीत नाव तेच. पुढंमागं मोकळी जागा असेल म्हणून तीही छाटली. डोळ्यांना अक्षरन् अक्षर सारखं आहे.

---

वऱ्हाडी_पायथन

हा मराठीचा खास प्रकार, मी यात एक आठवडा अडकलो होतो. पऱ्हाटीतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर टिंबवाला ऱ, हलन्त, ह. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह, ह. पडद्यावर दोन्ही सारखे. संगणकाला दोन वेगळे शब्द, म्हणून दोन गट. दोन पोरांचे दोन मोबाइल, नक्की तेच असणार.

युनिकोडचं सामान्यीकरण (आर मध्ये स्ट्रिंगआय) करून पाहाल, त्यानं टिंब वेगळं लिहिलेला ऱ जुळतो, पण हे जोडचिन्हाचं प्रकरण जुळत नाही. ते स्वतः शोधून बदलावं लागते: र, हलन्त, जोडचिन्ह याच्या जागी ऱ, हलन्त. गाव, पीक, तालुका या सगळ्या गटांच्या रकान्यांवर आधी हे फिरवा. वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड, सगळीकडे लागते. संगणकाकडून अक्षरं (काना, वेलांटी, हलन्त, जोडचिन्ह सुटे धरून) मोजून पाहा, एकात एक जास्त निघेल.

---

रानवाट

निघालं! एकात ७, दुसऱ्यात ८. बदललं, आणि गट एक झाला. शिवाय कोणी "कपाशी" लिहिलं होतं, कोणी "कापूस", तेही एका नावाखाली आणले. तिसऱ्या वेचणीचं पोरासोबत बसून झालं, बहुतेक जागा शून्यच होत्या, सात शेतं खरोखर विचारायची राहिली होती, ती मोकळीच ठेवली.

पावसाच्या तक्त्यात आता नाल्याकाठच्या गावापुढं जुलै ते ऑक्टोबर मोकळं आहे, आणि शेजारी मोकळे दिवस: ३१, ३१, ३०, ३१.

---

धुरा

पोरी, एक गोष्ट. माह्याजवळ वही आहे. आंगणातल्या डब्यात जमलेलं पाणी मी रोज सकाळी पट्टीनं मोजतो, वडील मोजत तसं. जुलैची सगळी पानं आहेत. शाळेलोक पाणी आलं त्या दिवशी डबा भरून सांडला, तेही लिहिलं आहे. सरकारी माप नाही ते. चालत असन तर नातवाले फोटो काढायले सांगतो.

---

रानवाट

पाठवा काका. मापकाच्या रकान्यात नाही मिसळत, शेजारी वेगळा रकाना करते, नाव "वही". डबा सांडला त्या दिवसापुढं "यापेक्षा जास्त" अशी खूण टाकते. डब्याचं तोंड आणि बूड सारखंच रुंद आहे का, आणि किती, तेवढं पण नातवाला मोजायला सांगा.